तो राग नव्हता, सर

सोलापूर, १४ जून २०२५

आदरणीय सर,

तुम्हाला तीन ईमेल पाठवले. तिन्हींना तुमच्या कार्यालयातून एकच उत्तर आपोआप आलं, सर परिषदेसाठी परदेशात आहेत, परतल्यावर संपर्क साधतील. तुम्ही परत येऊन दोन आठवडे झाले, हे मला तुमच्या सत्काराच्या फोटोवरून कळलं. म्हणून कागदावर लिहिते आहे. पाकीट निदान हातानं फोडावं लागतं.

फोटोखाली छापलंय, 'मानवी भावना ओळखणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे अग्रणी संशोधक, प्रा. वेणीमाधव'. हे पत्र अभिनंदनाचं नाही, आधीच सांगून ठेवते.

परवा माझ्या कॉलेजात एक बाई आल्या. मंद्रूपच्या चंद्रव्वा. तुम्हाला हे नाव ओळखीचं वाटणार नाही. तुमच्या कॉम्प्युटरवर त्या एकशे सतरा नंबर आहेत. माझ्या पीएच.डी.साठी आपण मंद्रूपच्या शाळेत एकशे साठ बायकांचे आवाज रेकॉर्ड केले, त्यातल्या त्या एक. आपण म्हणजे मी. तुम्ही एकदाच आला होतात, उद्घाटनाला, आणि उन्हाचं कारण सांगून दोन तासांत पुण्याला परत गेलात.

त्या बायकांना मी काय सांगितलं होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी लिहिते. मी सांगितलं होतं, बाळंतिणींसाठी एक फोन लाइन करायची आहे. फोनवर बाई 'बरी हाय' म्हणते, पण ती बरी नसते. हे मशीनला नुसत्या आवाजावरून कळलं पाहिजे, म्हणजे ते लगेच नर्सला जोडून देईल. त्यासाठी तुमचे आवाज हवेत. ज्या दिवशी हे सांगितलं, त्या दिवशी शेतातली कामं टाकून बायका आल्या. रडल्या, हसल्या, नवऱ्यांच्या नकला केल्या. आपल्या आयुष्यातलं जे नणंदेलासुद्धा सांगितलं नव्हतं ते माझ्या माइकला सांगितलं.

चंद्रव्वा परवा माझ्या टेबलासमोर बसल्या नाहीत. खुर्ची दिली तरी उभ्याच राहिल्या.

"बाई, तुमच्या मशीननं माज्या पोरीला कामावरनं काडलं."

मी म्हटलं, "कुठलं मशीन?"

"ते तुमी सांगा की. पोरगी म्हंती, कागदावर तुमचं नाव हाय."

त्यांची मुलगी पायल. बी.ए. झालेली, बावीस वर्षांची. होटगी रोडला एक कॉल सेंटर आहे, तिथं दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट घेण्याचं काम करायची. फोन बहुतेक खेड्यांतून येतात. मार्चपासून तिथं प्रत्येक फोन एक मशीन ऐकतं आणि बोलणाऱ्या मुलीच्या आवाजाला खूण देतं. हिरवी, पिवळी किंवा लाल. महिन्यात तीन लाल झाल्या की कामावर यायचं नाही. त्या मशीनचं नाव 'सहवेदना'. ज्यानं ते ठेवलं त्याला मला एकदा भेटायचं आहे.

पायलची तिसरी लाल खूण कशी पडली ते सांगते. बिरुदेव नावाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांची दुसऱ्या दिवशी सकाळी रक्ततपासणी होती. त्यांना ऐकायला कमी येतं. पायलनं तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा जोरात सांगितलं, "मामा, सकाळी काय खायाचं न्हाई! च्या बी न्हाई! पाणी तेवडं चालंल!" म्हातारबाबा म्हणाले, "आत्ता कळलं बघ पोरी." मशीन म्हणालं, राग, एक्याण्णव टक्के.

मशीनसोबत कंपनीनं माहितीपत्रक दिलंय. त्यात आपला शोधनिबंध आहे. तुमचं नाव पहिलं, माझं दुसरं.

सर, बाळंतिणींची फोन लाइन कधी सुरूच झाली नाही. आणि तिच्यासाठी केलेलं मॉडेल मला न विचारता तुम्ही या कामाला कसं दिलंत?

उत्तराची वाट पाहते.

तुमची विद्यार्थिनी,
उत्कर्षा


सोलापूर, २९ जून २०२५

सर,

तुमचा व्हॉट्सॲप मेसेज मिळाला. 'तंत्रज्ञान तटस्थ असतं. तू भावनेच्या भरात लिहिते आहेस. शांत झालीस की बोलू.'

भावनेच्या भरात! तीस वर्षं भावनांवर संशोधन करणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या भावनेसाठी एवढाच शब्द सुचावा?

मग मी तुमचं तटस्थ तंत्रज्ञान बघायला गेले. मंगळवारी, पायलला बरोबर घेऊन. सेंटरचा मॅनेजर ऋतुराज नावाचा तरुण आहे. वागायला चांगला. आम्हाला सरबत दिलं. म्हणाला, "मॅडम, आम्ही कुणाला काढत नाही. सिस्टिम फ्लॅग करते. सिस्टिमला कोण पायल, कोण कोमल काय माहिती? तिच्या मनात काही नसतं."

मी म्हटलं, "मला दहा मिनिटं सिस्टिमसमोर बसू द्या."

त्याला वाटलं मी कौतुक करायला आलेय. शेवटी निबंधावर नाव आहे. त्यानं स्वतः हेडफोन दिला आणि समोरचा स्क्रीन माझ्याकडे वळवला. फोन सुरू झाला की स्क्रीनच्या कडेला एक पट्टी हलत राहते, रंग बदलत.

मी माझ्या नेहमीच्या, तुम्हाला आवडतो त्या आवाजात बोलले. सावकाश, एकेक शब्द पुसून ठेवल्यासारखा. म्हणाले, "नमस्कार. मी उत्कर्षा बोलते आहे. आपल्या या यंत्राइतकं मूर्ख यंत्र मी आजवर पाहिलेलं नाही, आणि दुर्दैवानं ते मीच घडवलेलं आहे. आपण एका कष्टाळू मुलीवर अन्याय केला आहे. आत्ता या क्षणी हा स्क्रीन उचलून खिडकीबाहेर फेकावा, अशी माझी तीव्र इच्छा आहे. आपला दिवस शुभ जावो."

पट्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत हिरवी. खाली अक्षरं आली, 'शांत, सौजन्यपूर्ण. चौऱ्याण्णव टक्के.'

सर, मला इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता.

मग पायल बसली. तिला म्हटलं, तू रोज जे बोलतेस तेच बोल. ती म्हणाली, "नमस्कार, मी पायल बोलतीय. कोन बोलतंय? आजी व्हय? काय होतंय आजी तुमास्नी? अवं घाबरू नका की, डाक्टर लई चांगले हाईत." पट्टी 'आजी' शब्दापर्यंत पिवळी, 'घाबरू नका की'ला लाल. ते पाहून पायलला हसू फुटलं. सर, तुमच्या मॉडेलनं त्या हसण्यालासुद्धा लाल खूण दिली.

मागच्या रांगेतल्या मुली काम थांबवून बघत होत्या. एक टाळ्या वाजवायला लागली, दुसरीनं तिचा हात धरला. ऋतुराज आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की सगळ्या आपल्याकडं बघताहेत, आणि त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "मॅडम, हे मी वर कळवतो. पण निर्णय माझ्या हातात नाही. सिस्टिमला पुण्यातून सर्टिफिकेट आहे."

ते सर्टिफिकेट कुणाच्या सहीचं आहे, हे मी विचारलं नाही.

जिना उतरताना पायलनं मला विचारलं, "म्याडम, तुमी तर कुर्डुवाडीच्या ना? आमच्यासारकंच बोलत असाल की घरी. हे असं हळू बोलायला कुटं शिकला?"

मी म्हटलं, सवयीनं येतं. ते खरं उत्तर नव्हतं. खरं उत्तर तुम्हाला माहीत आहे.

उत्कर्षा


सोलापूर, २० जुलै २०२५

सर,

आता तुम्ही मेसेजही करत नाही. ठीक आहे, मला लिहायला मोकळीक मिळाली.

आधी पायलच्या प्रश्नाचं उत्तर. माझे वडील रामहरी, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. मशीनच्या आवाजात चाळीस वर्षं काढलेला माणूस घरीही मोठ्यानंच बोलतो. आम्ही सगळेच तसे बोलायचो. 'पाणी दे' हेसुद्धा शेजारच्या घराला ऐकू जायचं आणि त्यात कुणाला भांडण वाटायचं नाही. पुण्यात माझ्या पहिल्या सादरीकरणानंतर तुम्ही मला केबिनमध्ये बोलावलंत. म्हणालात, "उत्कर्षा, तुझं काम उत्तम आहे. पण तू बोलतेस तेव्हा भांडतेयस असं वाटतं. जरा आवाज खाली ठेवायला शीक."

मी शिकले. वसतिगृहाच्या खोलीत आरशासमोर उभी राहून शिकले. दोन वर्षांनी सुट्टीत घरी गेले तर दादा, म्हणजे वडील, आईला म्हणाले, "ही आजारी हाय का गं? बोलना झालीय."

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा मला तुमचे उपकारच वाटले होते.

दुसरी गोष्ट. गेले तीन आठवडे मी आणि सिद्धम्मा रोज दुपारी 'राग' लेबल लावलेल्या क्लिप ऐकत बसलोय. सिद्धम्मा म्हणजे मंद्रूपच्या निवृत्त अंगणवाडी सेविका. त्यांनीच बायका जमवल्या होत्या. सुरुवातीला लेबलंही त्यांच्याच मदतीनं लावायचं ठरलं होतं. ज्या बाईचा आवाज आहे तिनं स्वतः ऐकायचं आणि सांगायचं, हा राग होता की काळजी होती की आणखी काही. वीस बायकांचं काम तसं झालंही. मग तुमचा निरोप आला की हे फार संथ आहे, परीक्षकांना भावनांची ठरलेली सहा लेबलं हवीत, क्लिप पुण्याला पाठव, इथले विद्यार्थी आठवड्यात उरकतील.

त्यांनी खरोखर आठवड्यात उरकलं. 'राग' म्हणून त्यांनी तीनशे बारा क्लिप वेगळ्या काढल्या. सिद्धम्मांच्या मते त्यातल्या एक्केचाळीस रागाच्या आहेत. उरलेल्यांत बायका कुणाला रानातून हाक मारताहेत, कुणी चेष्टा करतेय, कुणी घाईत आहे, कुणी नुसतीच सोलापूर जिल्ह्यात जन्मलेली आहे. एका क्लिपवर सिद्धम्मा इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "अवं बाई, ही मला जेवायला बोलावतीया! 'बस की गं, दोन घास खा की', असं! ह्यात कुटला आलाय राग?"

मग एकशे सतरा आली आणि त्या हसायच्या थांबल्या.

मी ती क्लिप त्या दिवशी रेकॉर्ड केली होती, पण नंतर कधी ऐकली नव्हती. प्रश्न होता, रोज आठवते अशी एखादी गोष्ट सांगा. चंद्रव्वांनी पायलच्या आधीच्या मुलाची गोष्ट सांगितली. अकरा महिन्यांचा होता. ताप डोक्यात गेला. जीप करून त्याला एका दवाखान्यात नेलं. खिडकीवरच्या माणसाला त्या सांगत होत्या, "अवं बगा की लेकराकडं! डोळं फिरवलं की त्यानं!" आणि खिडकीवरचा माणूस म्हणाला, "बाई, ओरडायचं काम नाही. नीट बोलायचं असेल तर बोला, नाहीतर मागं सरा." त्या मागं सरल्या. त्यांनी आवाज खाली आणला. त्या म्हणतात, "मी लई हळू बोलले मग. पर तवर येळ गेला हुता."

पुण्याच्या विद्यार्थ्यानं यातला 'अवं बगा की लेकराकडं' एवढा तुकडा कापला. लेबल, राग. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'आक्रमक सूर'.

म्हणजे सर, त्या खिडकीवरच्या माणसाला जे ऐकू आलं तेच आपण मशीनला शिकवलं. आणि ते मशीन पुन्हा दवाखान्याच्याच फोनवर बसवलं. आणि त्याच बाईच्या मुलीला त्यानं सांगितलं, मागं सरा.

हे लिहून झाल्यावर मी उठून अंगणात फेऱ्या मारून आले. आता तिसरी गोष्ट लिहायची आहे आणि ती लिहायला मला पहिल्या दोन पत्रांत धीर झाला नाही.

मी लिहिलं होतं, मला न विचारता मॉडेल दिलंत. ते खोटं आहे. दोन वर्षांपूर्वी तुम्ही विचारलं होतंत. मेल माझ्याकडे आहे. 'एका कंपनीला सेवाक्षेत्रासाठी मॉडेल हवे आहे, हस्तांतरणाच्या पत्रावर तुझी सही लागेल.' सेवाक्षेत्र म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. फोन लाइनचं काय झालं, तेही विचारलं नाही. माझी पदोन्नतीची मुलाखत तोंडावर होती आणि निवड समितीत तुमचे मित्र होते. मी सही करून स्कॅन करून पाठवली, सोबत लिहिलं, 'हो सर, चालेल.' पुण्यातली लेबलं लागली तेव्हाही मी चारदोन क्लिप ऐकून गप्प बसले होते. मला तेव्हाच कळलं होतं. तुमच्या विद्यार्थ्यांना त्या बायकांची बोली कळत नव्हती, मला तर कळत होती.

त्यामुळं माझा अर्धा राग तुमच्यावर आहे आणि अर्धा कुणावर, ते वेगळं लिहायला नको. पण माझी चूक मी कबूल केली म्हणून तुमची कमी होत नाही.

उत्कर्षा


सोलापूर, १७ ऑगस्ट २०२५

सर,

आज मंद्रूपला जाऊन आले. त्याच शाळेत, त्याच वर्गात. सिद्धम्मांनी घरोघरी जाऊन निरोप दिला होता. एकशे साठपैकी चौऱ्याण्णव बायका आल्या. काही वारल्यात, काही लेकीकडे गेल्यात, काहींनी यायचं नाही असं ठरवलं असेल. तो त्यांचा हक्क आहे.

मी उभी राहून सगळं सांगितलं. फोन लाइन झाली नाही. तुमचे आवाज कंपनीला गेले. त्यावर मशीन शिकलं, तेही चुकीचं शिकलं. त्या मशीननं चंद्रव्वांच्या पायलचं आणि आणखी चौघींचं काम घालवलं. पत्रावर माझी सही आहे.

कुणी आरडाओरडा केला नाही, सर. तुमच्या मॉडेलनं त्या अर्ध्या तासाला हिरवी खूण दिली असती. मी बोलत होते आणि बायका एकमेकींकडं न बघता जमिनीकडं बघत होत्या. मला त्यापेक्षा शिव्या चालल्या असत्या.

शेवटी भिंतीकडेच्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "म्हंजी आमी बोललेलं घिऊन आमच्याच पोरींवर सोडलं व्हय?"

"व्हय," मी म्हटलं. माझ्या तोंडातून तसंच निघालं.

"मग आता काय माफी मागाया आलाय?"

"माफी मागायला पण. आणि तुमचे आवाज परत द्यायला."

तुम्हाला संमतीपत्र आठवतं का? त्यात एक कलम होतं, सहभागी व्यक्ती केव्हाही आपला आवाज काढून घेऊ शकते. ते तुम्हीच घातलं होतंत. मी म्हटलं होतं, हे यांना समजावून सांगायला वेळ लागेल. तुम्ही म्हणालात, "अगं, ते नैतिकता समितीसाठी आहे, कोण येतंय मागायला?"

अठ्ठ्याऐंशी जणी आल्या. कुणी सही केली, कुणी अंगठा. सहा जणींनी काढून घेतला नाही. त्या म्हणाल्या, फोन लाइन होणार असंल तर आमचा राहू द्या, पर दुसऱ्या कशाला न्हाई. त्यांच्याकडून तसं लिहून घेतलं आहे.

चंद्रव्वा सगळ्यांत शेवटी आल्या. म्हणाल्या, आधी ऐकवा. मी हेडफोन दिला. त्या डोळे उघडे ठेवून ऐकत होत्या, समोरच्या फळ्याकडं बघत. पायल त्यांच्या शेजारी उभी होती, तिला काही ऐकू येत नव्हतं. ती फक्त आईचा चेहरा वाचत होती. संपल्यावर चंद्रव्वांनी हेडफोन काढून नीट गुंडाळून टेबलावर ठेवला.

"ह्यात माज्या लेकराचं नाव हाय," त्या म्हणाल्या. "ते आता कुनाच्या मशिनीत ठिवू नका."

मी त्यांच्यासमोर क्लिप पुसली. त्या म्हणाल्या, "गेली?" मी म्हटलं, "माझ्याकडची गेली. पुण्यातली राहिलीय." त्यावर त्यांनी विचारलं, "आमचा आवाज ऐकून ह्यो राग हाय म्हनून कुनी ठरवलं? त्यो मानूस कसा हाय?" मी म्हटलं, एक माणूस नाही, बरेच विद्यार्थी होते. त्या म्हणाल्या, "त्यास्नी कुनीतरी सांगितलं आसंल की, हे आसंच करा म्हनून."

 सर, प्रश्न बरोबर जागी गेला होता.

आता कामाचं. नियतकालिकाला पाठवायचं पत्र सोबत जोडलं आहे. लेबलं चुकीची होती, संमती मोडली आहे, निबंध मागे घ्यावा, असं त्यात आहे. खाली दोन सह्यांची जागा आहे. माझी केली आहे. अठ्ठ्याऐंशी बायकांची पत्रं तुमच्या संस्थेला आणि कंपनीला उद्या वेगळी रजिस्टर पोस्टानं जातील. तुम्हाला पंधरा दिवस देते. नंतर मी एकटीच्या सहीनं पाठवीन. माझी पीएच.डी. याच कामावर उभी आहे, त्यामुळं याचा अर्थ काय होतो ते मला समजावून सांगायची गरज नाही.

उत्कर्षा


सोलापूर, ५ ऑक्टोबर २०२५

वेणीमाधव सर,

पत्र एकटीच्या सहीनंच पाठवावं लागलं. तुमच्या वकिलांची नोटीस आली, मी संस्थेची बदनामी करते आहे म्हणून. ती माझ्या वकीलबाईंकडे आहे. त्या म्हणाल्या, उत्तर सोपं आहे, अठ्ठ्याऐंशी पानांचं आहे.

बाकी हकीकत तुमच्या कानावर आली असेल, तरी माझ्याकडून ऐका. गेल्या आठवड्यात निबंध मागे घेतल्याची सूचना प्रसिद्ध झाली. विद्यापीठाच्या समितीनं मला बोलावलं. मी काही लपवलं नाही, मेलसुद्धा दाखवला. मार्गदर्शक म्हणून माझी मान्यता तीन वर्षांसाठी काढली आहे. माझ्या दोन विद्यार्थिनींना दुसरीकडे नोंदणी करावी लागली. त्यांच्यासाठी वाईट वाटतं, पण समितीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पीएच.डी.चं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

समितीतल्या एका गृहस्थांनी मला विचारलं, "मॅडम, एवढ्या चांगल्या करिअरवर पाणी सोडताय, कशासाठी? दोनपाच मुलींचा तर प्रश्न होता." मी त्यांना जे उत्तर दिलं ते आवाज चढवून दिलं. बाहेर बसलेल्या शिपायानं दार उघडून आत डोकावलं.

कंपनीनं सोलापूरच्या सेंटरमधली सिस्टिम बंद केली. चूक झाली असं कुठंही म्हटलेलं नाही, 'तांत्रिक अद्ययावतीकरण' म्हटलंय. दुसऱ्या चार शहरांत ती अजून चालू आहे. तिथल्या मुली कशा बोलतात आणि त्यांना रोज किती लाल खुणा पडतात, कोण जाणे. मी त्या चारही ठिकाणी लिहिलं आहे आणि लिहीत राहणार आहे.

पाचही मुलींना परत बोलावलं. चौघी गेल्या. पायल गेली नाही. ऋतुराज स्वतः मंद्रूपला आला होता, हे त्याच्याबद्दल सांगायला हवं. पायल त्याला म्हणाली, "सर, तुमी आलात, बरं वाटलं. पर कंपनीच्या कागदावर लिवलंय की मला 'पुन्हा संधी' देताय म्हनून. संधी कशाची? माजं काय चुकलं हुतं?"  ती आता मंद्रूपमध्येच एका लॅबच्या काउंटरला बसते. प्रवास वाचला म्हणते. सोलापूरचं काम तिला आवडत होतं, हेही म्हणते. ते तिला मी परत देऊ शकले नाही.

आणि आता तुमचं पत्र. हातानं लिहिलेलं, दोन पानांचं. पहिलं दीड पान मी सोडून देते. त्यात तुमच्या प्रकृतीबद्दल आहे, संस्थेतल्या राजकारणाबद्दल आहे आणि मी तुमची सर्वांत आवडती विद्यार्थिनी होते, याबद्दल आहे. शेवटच्या परिच्छेदात तुम्ही लिहिलंय, 'वस्तुस्थिती समजून घेण्यासाठी एकदा मंद्रूपला यावे म्हणतो. तू सोबत असलीस तर बरे. त्या बायकांची भाषा मला नीट कळत नाही.'

हे वाक्य मी सिद्धम्मांना वाचून दाखवलं. त्यांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. सर, हे वाक्य तुम्ही निबंधाच्या पहिल्या पानावर लिहायला हवं होतं. तेवढं लिहिलं असतं तर यातलं काहीही झालं नसतं.

पण या. नाही म्हणायचा अधिकार माझा नाही, म्हणून मी बायकांना विचारलं. पुढच्या रविवारी, सकाळी दहाला, शाळेच्या वर्गात. विद्यार्थी आणू नका, फोटोग्राफर आणू नका, कसलेही फॉर्म आणू नका. कॉम्प्युटर मात्र आणा. तुमच्याकडं उरलेल्या क्लिप त्यांच्यासमोर पुसायच्या आहेत. मी स्टेशनवर घ्यायला येईन आणि मंद्रूपपर्यंत सोबत असेन. एखादा शब्द अडला तर सांगेन. पण तुमच्या वतीनं बोलणार नाही. त्या तुम्हाला विचारतील आणि तुम्हीच उत्तर द्यायचं आहे.

चंद्रव्वांना काल विचारलं, चालेल ना? त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "येऊ द्या की. च्या करते त्यांच्यासाठी. पर एक सांगून ठिवा बाई. मी बोलंन तवा मदी बोलायचं न्हाई. माजा आवाज चढला तरी उठायचं न्हाई. बसून ऐकायचं."

निरोप जसाच्या तसा पोचवला आहे.

उत्कर्षा